वाळण्याविषयी

रंगाच्या डब्यावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत काही मजकूर छापलेला असतो. रंग विकत घेणारा तो सहसा वाचत नाही, आणि रंग देणाऱ्याला तो वाचण्याची गरज पडत नाही. पृष्ठभाग किती मिनिटांत वाळेल, दुसरा हात किती तासांनी द्यावा, हे त्यात सांगितलेले असते. आणि हे आकडे कोणत्या हवेत खरे मानावेत याचीही तिथे नोंद असते. भारतीय मानकांनी चाचणीसाठी जी हवा गृहीत धरली आहे ती २७ अंश सेल्सिअस तापमानाची आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची. तापमानात दोन अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे झालेले चालते. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत अशी हवा तयार करता येते. अकोल्यात ती वर्षातून फार थोडे तास आपण होऊन येते.

मार्च संपता संपता वऱ्हाडातली हवा या कल्पित दिवसापासून दूर जाऊ लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो; काही वर्षी तो ४७ अंशही ओलांडून गेला आहे. दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा सुरू होतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. तीच हवा जुलैत इतकी ओली होते की कपाटातली पुस्तके बुरसतात. अमरावती जिल्ह्यात तर एकाच दिवशी दोन हवामाने नांदतात. खाली शहरात पावसाने उघडीप दिलेली असते आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात धुके घरात शिरत असते. एकाच डब्यातला रंग या सगळ्या ठिकाणी नेला तर तो प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो. डब्यावरचा आकडा मात्र एकच असतो.

दसऱ्याच्या सुमारास हे अंतर थोडे कमी होते. पाऊस ओसरलेला असतो, भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडून गेलेले असते, आणि हवा अजून पुरती कोरडी झालेली नसते. सकाळचे काही तास तरी वऱ्हाड त्या मानक दिवसाच्या जवळपास येते. दिवाळीपूर्वी घर रंगवण्याच्या रीतीला धार्मिक आणि सामाजिक कारणे आहेतच. परंतु त्या रीतीत एक दीर्घ निरीक्षणही साठवलेले आहे, असे मला वाटते. ज्यांच्याकडे आर्द्रतामापक नव्हते त्यांनी भिंतीवर हात ठेवून हा काळ निश्चित केला असणार.

आता ‘वाळणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्रातला वाटेल. तरीही तो थोडा समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आज बहुतेक घरांच्या भिंतींना दिला जातो तो पाण्यातला रंग. त्यातले पाणी उडून जाते आणि मागे राहिलेले सूक्ष्म कण एकमेकांना बिलगून त्यांचा सलग पापुद्रा होतो. पाणी फार लवकर उडाले तर कणांना बिलगायला वेळ मिळत नाही, कुंचल्याच्या रेघा तशाच राहतात आणि पापुद्रा भिंतीला नीट धरत नाही. पाणी उडालेच नाही तर रंग ओघळतो. इथे वाळणे म्हणजे आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे काहीतरी गमावणे होय.

चुन्याचे तसे नाही. चुनकळी विरवून केलेला चुना भिंतीवर ओला असताना पांढरा दिसतही नाही. पाणचट, पारदर्शक दिसतो. तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा मूळच्या चुनखडीसारखा होतो. या क्रियेला ओल लागते. वैशाखाच्या उन्हात चुन्यातले पाणी तासाभरात उडाले तर ती क्रिया अर्ध्यावर थांबते, आणि भिंतीला टेकणाऱ्याच्या पाठीवर पांढरी भुकटी उतरते. अशी भिंत कोरडी झालेली असते, पण पक्की झालेली नसते.

तिसरा प्रकार तेलरंगाचा. त्याचा जुना आधार जवसाचे तेल. जवस आपल्या विदर्भातले रब्बीचे पीक आहे. त्याची निळी फुले आपण शेतात पाहिली आहेत आणि त्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली आहे. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि वाळताना त्याचे वजन वाढते. वाळताना वजन वाढते, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले होते. तेलरंगालाही हवामान चुकत नाही. कडक उन्हात वरची साय चटकन धरते आणि आत रंग मऊच राहतो. मग त्या सायीवर सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात तो दिवसेंदिवस चिकट राहतो. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवली जातात ती श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे हवा सगळ्यात दमट असताना. त्यामुळे मिरवणुकीत कुणाच्या ना कुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिंगांचा रंग उतरतोच.

तीन रंग, तीन प्रकारचे वाळणे. त्यांपैकी दोन प्रकारांत वस्तू हवेकडून काही घेते. मराठीने मात्र या साऱ्यांना एकच क्रियापद दिले. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून इथे रंग ‘वायतो’, शाळेची ‘शाया’ होते आणि डोळ्याचा ‘डोया’. परंतु बोलीने प्रमाणभाषेजवळ नसलेला एक भेद जपला आहे. तो मला एका पेंटरच्या तोंडून कळला, आणि त्यासाठी माझ्या वडिलांविषयी थोडे सांगायला हवे.

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना त्यांनी मुलांच्या अनेक पिढ्या बसवल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द मी अक्षरओळख होण्याआधी ऐकले असतील. जलरंगाची जी इंग्रजी पुस्तके त्यांच्याजवळ होती, ती सगळी ओल्या देशातली होती. कागद भिजवा, त्यावर रंग सोडा, तो पसरेपर्यंत वाट पाहा, असे ती सांगत. एप्रिलमध्ये अकोल्याच्या वर्गात मुलगा आभाळाचा हात देत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असे आणि मध्ये रेघ उठलेली असे. मुलाला वाटे, आपला हात वाईट आहे. बाबांनी त्यावर साधे उपाय शोधले होते. कागदाखाली ओले फडके ठेवायचे, मागची बाजूही भिजवायची, आणि रंगाच्या पाण्यात औषधाच्या दुकानातून आणलेल्या ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचे. पावसाळ्यात हीच मुले चित्र काढायला बसली की ओल्या हवेत रंग वाळेनासा होई आणि लाल-पिवळे एकमेकांत घुसत. म्हणून ते प्रत्येक चित्र दोनदा काढून घेत, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. ‘पुस्तक ज्या गावचं आहे त्या गावची हवा त्यात असते, ती वजा करून वाचायचं,’ असे ते म्हणत. साहित्याची प्राध्यापक झाल्यावर परदेशी समीक्षेची पुस्तके वाचताना हे वाक्य मला अनेकदा उपयोगी पडले आहे.

२०२२ च्या चैत्रात बाबांच्या आजाराचे निदान झाले, आणि फार वेळ नाही हे डॉक्टरांनी आम्हा भावंडांना सांगितले. बाबांना कुणी सांगितले नाही; त्यांना ते कळले. मे महिन्यात एके दिवशी ते म्हणाले, घर रंगवून घेऊ. जुन्या शहरातले ते घर विटामातीचे, मागच्या दोन खोल्यांच्या भिंती दीड हात रुंदीच्या. ज्या माणसाने आयुष्यभर दसऱ्याआधी भिंतीला कुंचा लावू दिला नाही, तो नवतप्यात घर रंगवायला काढत होता. त्याचा अर्थ आम्हाला समजला, आणि कुणीही तो उच्चारला नाही. पुण्याहून आलेल्या भावाचे म्हणणे होते की बाजारात मिळणारा चांगला रंग घेऊ, दोन दिवसांत काम होईल आणि बाबांना त्रास होणार नाही. आईला वाटत होते, एवढ्या उन्हात घरात पसारा नको. मी दर शनिवारी अमरावतीहून ये-जा करत होते. शंभरेक किलोमीटरचा तो रस्ता त्या वर्षी नव्याने होत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमरावती ते अकोला यांदरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाल्याची गिनीज बुकात नोंद झाली. सगळीकडे वेळेची चर्चा होती.

पेंटर बाबांचाच जुना विद्यार्थी. एलिमेंटरी उत्तीर्ण होऊन पुढे शाळा सुटलेला. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे त्याचे काम फ्लेक्स आल्यावर बंद पडले आणि तो भिंतींकडे वळला. त्याने मागच्या खोलीच्या भिंतीवर पालथा हात ठेवला, मग बाबांच्या खाटेजवळ उकिडवा बसला. म्हणाला, ‘गुरुजी, उन्हात मारला तं रंग वायते, पण धरत नाही.’ बाबा म्हणाले, ‘मंग?’ तो म्हणाला, ‘आगुदर भिताडाले पानी पेऊ द्या. मंग चुना. अन् हवा आपुन आनू.’

‘वायते, पण धरत नाही.’ वाळणे वेगळे आणि धरणे वेगळे. हाच तो भेद.

काम पहाटे साडेतीनला सुरू होई. आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारलेले असे. पहाटे पुन्हा मारले जाई. चुना दोन दिवस आधीच विरवून, गाळून, डिंक आणि किंचित नीळ घालून ठेवलेला. दारे-खिडक्यांवर ओले तरट टांगलेले, आणि अंगणातल्या कूलरचे तोंड खोलीकडे वळवलेले, पण भिंतीवर थेट वारा येणार नाही असे. तरट वाळू लागले की आई त्यावर तांब्याने पाणी शिंपडी. सकाळी नऊच्या आत हात पुरा करून पेंटर आणि त्याचा मुलगा ब्रश-बादल्या धुऊन निघून जात. दुसरा हात दुसऱ्या पहाटे. अशा पाच पहाटा लागल्या. बाबांची खाट अंगणात होती. तिथून त्यांना उघड्या दारातून एकच भिंत दिसे. चुना पाणचट असताना ते तिच्याकडे पाहत, आणि उजाडेपर्यंत ती पांढरी होत जाताना पाहत. बोलत फारसे नसत. एकदा त्यांनी मला जवळ बोलावून भिंतीवरून बोट फिरवायला सांगितले आणि बोट दाखवायला लावले. बोटावर काही उतरले नव्हते.

दारे-चौकटींना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. तेलरंगाला ओले तरट चालत नाही आणि उन्हात त्यावर साय धरते, तेव्हा ते काम दसऱ्याला करा, असे त्यांनी पेंटरला सांगितले आणि त्याच्या हातावर तेवढे पैसे आगाऊ ठेवले. श्रावणात बाबा गेले. दसऱ्याच्या आधी पेंटर न बोलावता आला. जुना रंग खरवडून, अस्तर देऊन, लांबी भरून, दोन हातांमध्ये पुरता दिवस सोडून त्याने दारे रंगवली.

बाबा गेल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मला त्यांच्यावर लेख मागितला गेला. मागणारे सद्भावनेने मागत होते. अशा लेखांचे आपल्याकडे एक वळण ठरून गेले आहे, आणि मला ते लिहिता येते; मी विद्यार्थ्यांना ते शिकवतेही. मी नाही म्हणाले. त्या वेळी कारण सांगता आले नव्हते. आज वाटते की ते कारण पेंटरने मे महिन्यातच सांगून ठेवले होते. शोकाच्या पहिल्या उन्हात लिहिलेले वाळते लवकर, परंतु बोट फिरवले की उतरते.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला आहे. ज्याच्याजवळ दसऱ्यापर्यंत वेळ नाही त्याने काय करावे? वाट पाहण्याचा उपदेश ज्यांना वाट पाहणे परवडते तेच करतात. बाबांना दसरा मिळणार नव्हता. पेंटरच्या दिवसाच्या मजुरीलाही दसऱ्यापर्यंत थांबता येत नाही. तो मे महिन्यात बाहेरच्या भिंतीवर शिडी लावून उभा असतोच. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ खाली आदेश काढला आणि कामगारांसाठी पाणी, पंखे यांची सोय करणे मालकांवर बंधनकारक केले, तेव्हा रंगापेक्षा आधी रंगवणाऱ्याचे शरीर वाळते, हे सरकारी भाषेत मान्य झाले. तेव्हा ‘योग्य काळ’ या कल्पनेत एक सुखवस्तूपणा आहे हे नाकारता येणार नाही. मात्र पेंटरने जे केले त्यात या आक्षेपाचे उत्तरही आहे. त्याने काळाची वाट पाहिली नाही आणि उन्हाची घाईही पत्करली नाही. पाच पहाटा आणि चार तरटे यांच्या जोरावर त्याने एका खोलीपुरती दसऱ्याची हवा तयार केली. ज्याला वेळ कमी आहे त्याने जास्त काळजी घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. मरणाच्या दारात बसून लिहिलेली पुस्तके जगात आहेत आणि त्यांतली काही पक्की आहेत. ती लिहिणाऱ्यांनीही आपापली तरटे भिजवली असतील.

आपल्या समीक्षेच्या परिभाषेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘ओलावा’ हा गुण आहे आणि ‘कोरडेपणा’ हा दोष. लेखनात ओलावा आहे म्हटले की ते जिवंत, आणि शुष्क आहे म्हटले की ते संपले. पावसावर जगणाऱ्या मुलखात ही परिभाषा घडणे स्वाभाविक आहे. पण तिच्यामुळे एक संपूर्ण जातीचे लेखन आपल्याला नीट वर्णन करता येत नाही. उद्धव शेळके यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घ्या. तिचे नावच ‘धग’. कौतिकच्या संसाराची ती कहाणी सांगताना निवेदक कुठे गळा काढत नाही. पात्रे वऱ्हाडीत बोलतात, निवेदन आपले काम करते. या गद्याला ओलावा म्हणावे तर ते खोटे ठरते आणि कोरडे म्हणावे तर अन्याय होतो. जवसाच्या तेलाची उपमा मला इथे जवळची वाटते. ते गद्य वाळलेले आहे, पण वाळताना त्याने हवेतून काही घेतले आहे आणि ते जड झाले आहे.

उलट बाजूचे उदाहरण वऱ्हाडाच्या सीमेपलीकडे अजिंठ्यात आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी तिथली भित्तिचित्रे जपण्यासाठी त्यांवर लाखेचा लेप दिला. चित्रे त्या वेळी उजळली. लेप लगेच वाळला. पुढच्या काळात तो पिवळा-काळपट होत गेला, आणि तो काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला करावे लागले. जुन्या कलाकृतीवर आपण जे कौतुकाचे लेप देतो तेही वाळलेले दिसतात. त्यांचे काय होणार हे आपल्या हयातीत कळतेच असे नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि आमची महाविद्यालये त्याच सुमारास. गेली काही वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला निबंधाचा पहिला खर्डा आषाढात लिहायला सांगते. तो मी वाचते, खुणा करते आणि परत देत नाही, कपाटात ठेवते. दसऱ्यानंतर तो त्यांच्या हाती देते. तोवर विद्यार्थ्यांचा विषय बदललेला असतो, कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणाच्या शेतात सोयाबीन निघालेले असते आणि भाव पडलेला असतो. ते स्वतःचाच मजकूर परक्यासारखा वाचतात. काही वाक्यांवर बोट फिरवले की भुकटी उतरते. ती ते स्वतःच खोडतात. काही वाक्ये मात्र त्यांना स्वतःलाच अनोळखी आणि बरी वाटतात. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, ‘मॅडम, हे मी लिहिलं तेव्हा मला एवढं कळत नव्हतं, मग हे यात आलं कुठून?’ तिला मी चुन्याविषयी सांगितले.